खालून चौथं गाव

वॉर्डमधून फोन आला तेव्हा मी सिंगापुरात, पाया लेबारच्या ऑफिसात मीटिंगमध्ये बसलो होतो. बाहेर येऊन घेतला. नर्सने विचारलं, "तुम्ही मिस्टर सबनीसांच्या घरचे का?" मी त्यांचा भाडेकरू, त्यांच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत राहणारा. "हो," मी म्हणालो, आणि मग तिने ते गेल्याचं सांगितलं. त्यांची मुलगी ऋता मेलबर्नला असते, तिला मीच कळवलं. मिरजेला त्यांच्या पुतण्याला कळवलं. हार्बरफ्रंटच्या जहाज कंपनीत त्यांच्याबरोबर काम केलेल्या, मला माहीत असलेल्या दोघांनाही कळवलं. नोव्हेनाला पोचून हॉस्पिटलच्या बाकावर बसलो तेव्हा लक्षात आलं की एका ठिकाणी कळवायचं राहिलंय. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावाला. पण तिथे कळवायचं कोणाला...

अविनाश सबनीस, आम्हा सगळ्यांचे सबनीसकाका. मी पुण्याहून एकटा नोकरीला आलो तेव्हा ओळखीच्या कोणीतरी त्यांचा नंबर दिला होता. राहायला गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी सकाळी ते चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभे होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आपलं गाव हरलं रे." मला वाटलं, मिरजेत काही निवडणूक वगैरे झाली असेल. मी विचारलं, "कोण आलं निवडून?" काका इतके हसले की त्यांना खोकला लागला. सुनंदाकाकी तेव्हा होत्या. त्या आतून म्हणाल्या, "अहो, त्या पोराला आधी नीट सांगा तरी, नाहीतर खोली सोडून पळेल तो."

मग काकांनी सांगितलं. तरुणपणी कंपनीने त्यांना एका कोर्ससाठी त्या गावात पाठवलं होतं. थंडीचे दिवस, ओळखीचं कोणी नाही, चार वाजता अंधार. ज्या घरी ते राहत होते त्या घरचा माणूस बस चालवायचा. एका शनिवारी दुपारी तो म्हणाला, चल, गावाची फुटबॉल मॅच बघायला जाऊ. काकांना वाटलं मोठं स्टेडियम असेल. बघतात तर घरांच्या रांगांमागचं एक चिखलाचं मैदान, एका बाजूला पत्र्याचं छप्पर, आणि गोलच्या मागे कठड्याला रेलून उभी असलेली थोडीशी माणसं. खेळणाऱ्यांत एक जण गवंडी होता, एक शाळेत शिकवत होता. संघ हरला. "पण निघताना शेजारचा म्हातारा मला काय म्हणाला माहितीये? तू कुठला, इथे काय करतोस, काही नाही. म्हणाला, पुढच्या शनिवारी येणार ना?" एवढंच. काका कोर्स संपेपर्यंत दर शनिवारी गेले. पुन्हा त्या गावाला जाणं कधी झालं नाही, पण संघ काही सुटला नाही.

सिंगापुरात फुटबॉलवेडे पुष्कळ, पण सगळे बड्या क्लबांचे. आमच्या ब्लॉकखाली खाण्याच्या गाळ्यांचं हॉकर सेंटर होतं, तिथे त्यांचे टी-शर्ट घातलेली माणसं टीव्हीसमोर बसलेली असायची. तिथल्या कॉफीवाल्या अंकलने काकांना एकदा विचारलं, "यू सपोर्ट हू?" काकांनी गावाचं नाव सांगितलं. अंकल म्हणाला, "नेव्हर हर्ड लाह." काका मला मराठीत म्हणाले, "हेच तर चांगलं आहे."

त्या खालच्या गटांची रचना काकांनीच मला समजावली. वरच्या प्रसिद्ध लीगच्या खाली पायऱ्या उतरत जातात, गट मोठे होत जातात, पार गल्लीतल्या संघांपर्यंत. प्रत्येक पायरीवर वरचे संघ वर चढतात, तळातले खाली जातात. आपलं गाव त्या उतरंडीत कुठेतरी मधे, आणि बहुतेक वेळा तळाच्या बाजूला. मार्च लागला की काका शक्यता मांडायला बसायचे. आपण जिंकलो आणि अमका हरला तर काय, बरोबरी झाली तर काय, गोलफरक सारखा आला तर काय. निकाल इथे मध्यरात्रीनंतर यायचे, पण ते रविवारी सकाळी उठूनच बघायचे. "झोप का घालवायची?" म्हणायचे. "आपण जागून कोणी गोल मारणार आहे का?"

काकी गेल्या त्या वर्षी आपलं गाव वरच्या गटात चढलं होतं. रविवारी सकाळी काका खोलीतून बाहेर आले, फोन हातात. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. मी गॅसपाशी होतो. "वर गेलं," ते म्हणाले. मी म्हटलं, "अरे वा, काका!" त्यांनी मान हलवली आणि परत खोलीत जाऊन दार लावून घेतलं. काकींना फुटबॉलमधलं काही कळत नसे, पण निकाल आधी त्यांना सांगायचा ही रीत होती. त्यानंतर ते निकाल मला सांगायला लागले. त्यांना दुसरं होतं तरी कोण. ऋता फोन करायची, पण ती बोलायची इंग्रजीत आणि कामाच्या घाईत. "ओके पा, यू टेक केअर हां," एवढ्यात संपायचं.

मधे माझी नोकरी गेली. नोकरी गेली की कामाचा परवाना, इथला पास, जातो, आणि दुसरी मिळाली नाही तर देश सोडायचा. मी दोन दिवस खोलीबाहेर पडलो नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी दार वाजवलं आणि मला खाली घेऊन गेले. कॉफी मागवली.

"नोकरी मिळाली तर राहशील," ते म्हणाले. "नाही मिळाली तर पुण्याला जाशील. पुण्यात बायको आहे, पोरगी आहे. यातल्या कुठल्या शक्यतेत तू मरतोस ते सांग."

मला हसू आलं आणि रडूही.

"कुठल्याच नाही."

"मग दार लावून काय बसलायस?" त्यांनी माझा कप पुढे सरकवला. मग म्हणाले, "तू गेलास तर माझं घर रिकामं होईल. ते माझं मी बघेन. त्याची काळजी तू करायची नाहीस."

मला नोकरी मिळाली. त्या दिवशी काकांनी पोहे केले, ते खारट झाले होते, आणि आम्ही दोघांनी ते संपवले.

गेल्या डिसेंबरात त्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला. आत-बाहेर करत एप्रिलमध्ये हॉस्पिटलात कायमचेच राहिले. आपलं गाव तळातून चौथं होतं, आणि तळातले चार खाली जाणार होते. शेवटच्या शनिवारी आपण जिंकलो आणि लगेच वरचा संघ जिंकला नाही, तर वाचलो. आपली बरोबरी झाली तर त्या संघाने हरायला हवं. काकांना बोलताना दम लागत होता, तरी हे सगळं त्यांनी मला थांबत थांबत सांगितलं आणि माझ्याकडून वदवून घेतलं. "उद्या सकाळी तू बघ, आणि इथे येऊन सांग. फोनवर नको."

रविवारी सकाळी एमआरटी ट्रेनमध्ये बसूनच मी निकाल पाहिला. बरोबरी. वरचा संघ जिंकला होता. नोव्हेना येईपर्यंत कसं सांगावं याचीच जुळवाजुळव करत राहिलो. पण वॉर्डात शिरलो आणि त्यांनी माझा चेहरा बघितला.

"गेलं?"

"गेलं काका. एक-एक."

त्यांनी डोळे मिटले. मला राहवेना, मी विचारलं, "आता काहीच शक्यता नाही?"

"एक असते," डोळे न उघडता ते म्हणाले. "उन्हाळ्यात एखादा क्लब बंद पडला, तर खाली गेलेल्यांतल्या पहिल्याला ती जागा देतात. पण ती आशा धरायची नाही, निखिल. कोणीतरी बंद पडावं म्हणून वाट बघत बसायचं नाही."

मग म्हणाले, "खालच्या गटात यंदा कोणती गावं असतील, मला माहीत नाही. बघ बरं कोणकोणती आहेत." मी फोनवर शोधून एकेक नाव वाचत गेलो. एक गाव नदीकाठी होतं, एकाचं नाव मला उच्चारताच येईना, ते त्यांनी दुरुस्त केलं. एकाबद्दल म्हणाले, "हे जवळ आहे. पावसातसुद्धा माणसं जातील." चार-पाच नावांनंतर त्यांना झोप लागली. पुन्हा बोलणं झालं नाही. बुधवारी नर्सचा फोन आला.

ऋता आली, सगळं उरकलं. माणसं थोडीच होती. तिने वडिलांची खोली आवरली, फ्लॅट विकायचं ठरवलं, आणि मला हवं तोवर राहा म्हणून सांगून परत गेली. मी रोज ऑफिसातून येतो आणि सवयीने दार हळू लोटतो, काका झोपले असतील म्हणून...

मे महिन्यात एका दुपारी जेवताना बातमी दिसली. आपल्या गावाच्या गटातला एक जुना क्लब बंद झाला होता. त्या जागी आपलं गाव राहणार होतं. मी खुर्चीतून उठलोच. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने विचारलं, "व्हॉट हॅपन्ड? गुड न्यूज अह?" मी नुसतं हो म्हटलं. कुठून सुरुवात करणार होतो? जिन्यात जाऊन ऋताला फोन लावला. ती ट्राममध्ये होती. मी सगळं समजावलं. तिने मधे एकदाही तोडलं नाही.

"सो दे स्टे अप?" तिने विचारलं.

"हो."

"आणि पा-ला हे कळलंच नाही."

"नाही."

ट्रामची घंटा ऐकू आली. मग ती मराठीत, शब्द शोधत म्हणाली, "पण निखिलदादा, तो जो क्लब बंद झाला... त्याच्या लोकांचं काय होतं? ते शनिवारी कुठे जातात?"

मला माहीत नव्हतं. हे फक्त एकाच माणसाला विचारता आलं असतं. "पा-ला विचारलं असतं," ती म्हणाली. तिचा स्टॉप आल्याचं तिने सांगितलं, पण फोन दोघांनीही ठेवला नाही.