हेमाताईंचं सोमवारचं टेबल

हेमाताई देशकरांच्या लॅबमध्ये नवी आलेली बाई पहिल्या सोमवारी हमखास घाबरायची. दुसऱ्या सोमवारी जरा कमी. आणि महिना उलटला की तीच बाई आपली नासलेली बाटली आपल्या हातानं उचलून टेबलावर आणून ठेवायची, वर हसायची.

लखनौच्या एका सरकारी संशोधन संस्थेतली ही केळीच्या रोपांची लॅब. काम ऐकायला सोपं. चांगल्या केळीचा कोंब घ्यायचा, त्याचे तुकडे करायचे आणि काचेच्या बाटलीत जेलीसारखं खाद्य असतं, त्यात ते रोवायचे. तीन-चार आठवड्यांनी फुटवे येतात, ते पुन्हा कापायचे, नव्या बाटलीत घालायचे. एका कोंबाची अशी शेकडो रोपं होतात. पण यात सोवळं असं काही कडक की आपल्या देवघरातलं सोवळं त्यापुढे काहीच नाही. चिमटा ज्योतीत लाल करायचा, गार होऊ द्यायचा, मगच कोंबाला लावायचा. बोलायचं नाही, खोकायचं नाही. जरा कुठे चूक झाली की आठवड्याभरात बाटलीत पांढरा कापूस उगवतो. बुरशी! बाटली गेलीच.

प्रत्येक बाटलीवर तारीख आणि कापणारीच्या नावाचं अक्षर. त्यामुळे कोणाचा हात चुकला ते लपत नाही. हेमाताईंनी वीस वर्षांपूर्वी लॅब हातात घेतली, तेव्हापासून त्यांचा एक नेम. सोमवारी सकाळी आठवड्याभरातल्या सगळ्या नासक्या बाटल्या मधल्या टेबलावर मांडायच्या, आणि पहिली बाटली त्यांची स्वतःची. त्यांची एकही नासली नसेल तर कापताना झालेली दुसरी काही चूक सांगायची.

“ही माझी,” त्या हिंदीत सांगायच्या. “गुरुवारी दार वाजलं, मी मान वळवली. आता तुमच्या बघू.”

मग एकेकीनं सांगायचं. कोणी रागवायचं नाही, कोणी हसायचं नाही. काय झालं होतं, एवढंच विचारायचं. कंत्राटावरच्या सहा जणी आणि कायम नोकरीतली एक मुक्ता, अशा सात बायकांची ही लॅब. पण तिथल्या बाटल्या जितक्या स्वच्छ निघत, तितक्या मोठ्या मोठ्या ठिकाणी निघत नसत. यात हेमाताईंची हुशारी होतीच. पण चूक लपवायची कोणाला गरजच पडत नव्हती, हे जास्त खरं.

अशा बाईच्या हातून एक मोठी गोष्ट लपवली गेली.

फेब्रुवारीत संचालकांनी त्यांना बोलावून एका पत्राची प्रत हाती दिली. प्रकल्पाची मुदत एकतीस मार्चला संपत होती. सहाही कंत्राटी बायकांची कामं त्याच दिवशी संपणार होती. मुदतवाढ मागितली होती. मिळेल की नाही, दिल्लीलाच ठाऊक.

“अभी किसी से कहिएगा मत, हेमा जी,” साहेब म्हणाले. “बेकार में भगदड़ मच जाएगी.”

हेमाताईंनी मान डोलावली आणि प्रत लॅबच्या कपाटात ठेवून दिली. साहेबांचा शब्द मोडायचा नाही, हे एक. पण त्यांच्या डोळ्यांपुढे बाटल्या होत्या. जूनमध्ये शेतकऱ्यांना आठ हजार रोपं द्यायची होती. बाटलीतलं रोप एकदम मातीत जगत नाही. त्याला आधी हरितगृहात महिना-दीड महिना ऊन-वाऱ्याची सवय करावी लागते. मार्चमध्येच बायका निघून गेल्या तर हे करायचं कोणी?

विकास नगरच्या घरी संध्याकाळी भाजी निवडताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं. अभिजितराव केंद्र सरकारच्या नोकरीत, बदल्यांच्या अफवांत उभं आयुष्य गेलेले.

“मग सांगितलंस का त्यांना?”

“काय सांगू? मलाच माहीत नाही.”

“तेच सांगायचं, की माहीत नाही.”

“तुमच्या ऑफिसात सांगतात वाटतं?”

“नाही ना सांगत! म्हणून तर सगळे दिवसभर चहाच्या टपरीवर अंदाज बांधत बसतात,” अभिजितराव म्हणाले. “माझंही अर्धं आयुष्य त्या टपरीवर गेलं. उगीच नाही शुगर वाढली.”

हेमाताई हसल्या, पण मेथीच्या काड्या पानांत टाकत राहिल्या.

त्याच आठवड्यात शिवांगीनं विचारलं. शिवांगी म्हणजे लॅबमधला सगळ्यात स्वच्छ हात. तिला चार वर्षांची मुलगी, नवऱ्याचं काम सुटलेलं, घर हिच्या पगारावर. सीतापूर रोडवरच्या एका खासगी नर्सरीनं तिला आपल्या नव्या लॅबमध्ये बोलावलं होतं. पक्की नोकरी. शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं.

“मॅडम, हर साल की तरह अपना एक्सटेंशन तो हो जाएगा ना? फिर मैं क्यों जाऊँ उतनी दूर.”

हेमाताईंच्या तोंडून निघून गेलं, “हो जाएगा. तू काम कर.”

वाक्य लहानसं. शिवांगीनं त्यावर भरवसा ठेवून शनिवारी नर्सरीला ‘नाही’ असं कळवलं.

दोनेक आठवड्यांनी एका गुरुवारी ती लॅबमध्ये शिरली ती एप्रन न घालताच. ऑफिसच्या बाबूकडून तिला पत्राचं कळलं होतं. ती ओरडली असती तर हेमाताईंना सोपं गेलं असतं. ती नेहमीसारखीच हळू बोलली.

“मॅडम, बोतल में फंगस आए तो आप सोमवार को सबके सामने रखती हैं. हमारी चिट्ठी क्यों अलमारी में रखी?”

साहेबांनी सांगितलं होतं, हे खरं होतं, पण ते उत्तर नव्हतं. आपण हिला हिच्या भल्यासाठी थांबवलं की रोपांसाठी, हे हेमाताईंना आता लख्ख दिसत होतं.

तीन आठवडे त्या रोज सकाळी देवापुढे हात जोडून एकच मागत होत्या: पत्र येऊ दे. सोमवारी पहाटे निरांजन लावलं, आणि ते मागणं ओठांवर येईना. आपण न केलेलं काम देवानं निस्तरावं, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, “आज मला बोलायला लाव.” आणि डबा भरून निघाल्या.

त्या सोमवारी टेबलावर बाटल्यांच्या आधी पत्राची प्रत आली.

“ही माझी,” हेमाताई म्हणाल्या. “एकतीस मार्च, इतकं मला माहीत आहे. पुढचं माहीत नाही, खरंच नाही. हे तीन आठवड्यांपूर्वी सांगायला हवं होतं. मी भ्याले. तुम्ही गेलात तर रोपांचं काय, म्हणून भ्याले. आणि शिवांगीला तर मी खोटंच सांगितलं. यापुढे दर सोमवारी जे कळलं ते सांगेन. काही कळलं नाही, तर तेही सांगेन.”

मग गीता, जिची जीभ कात्रीपेक्षा धारदार, ती म्हणाली, “मतलब होली तक तनख्वाह, उसके बाद गुलाल खाएँ?”

एकीला हसू फुटलं, दुसरीचे डोळे भरले. हेमाताई म्हणाल्या, “जिला दुसरीकडे काम मिळेल तिनं जावं. चोरून जाऊ नका, सांगून जा. मी लिहून देईन.”

दुपारी साहेबांचं बोलावणं आलंच. “मैंने मना किया था आपको.”

“जी सर. नाराज़ होने का हक़ है आपका,” हेमाताई म्हणाल्या. “पर जानने का हक़ उनका भी था.”

साहेबांनी समोरचे कागद चाळले. मग म्हणाले, “ठीक है. आठ हज़ार पौधे निकल जाने चाहिए, बस.” यापलीकडे त्यांनी कधी तो विषय काढला नाही. माणूस वाईट नव्हता, भीती त्यांनाही होतीच.

पळापळ काही माजली नाही. गीता आणि आणखी एक जण आठवड्यात गेल्या. सांगून गेल्या, आणि जाण्याआधी आपापल्या बाटल्या दुसरीच्या हाती नीट लावून दिल्या. हेमाताईंनी प्रत्येकीला स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. ‘मेहनती व प्रामाणिक’ असलं ठोकळेबाज काही नाही. वर्षभरात किती बाटल्या कापल्या, त्यातल्या किती स्वच्छ निघाल्या, ते. उरलेल्यांना घेऊन त्यांनी कामाची फेरमांडणी केली. नवे फुटवे वाढवणं बंद. मोठी झालेली रोपं भराभर हरितगृहात. मागे फक्त मूळ वाणाच्या साठ बाटल्या, एवढ्या की कोणीच उरलं नाही तरी त्या आणि मुक्ता दोघी मिळून सांभाळू शकतील. मुदतवाढ येईल असं धरून त्यांनी एकही काम केलं नाही, आणि येणार नाही म्हणून एकही टाकलं नाही.

पण शिवांगीचं काय? तिची तर हातातली नोकरी गेली होती, आणि तीही हेमाताईंच्या शब्दावर.

हेमाताईंनी नर्सरीच्या मालकांना फोन लावला. सगळ्यांदेखत. “त्या मुलीनं नाही म्हटलं ते माझ्यामुळे. मी तिला चुकीचं सांगितलं होतं.”

मालक म्हणाले, “मॅडम, अब तो दूसरी लड़की देख ली है हमने.”

“नेमली का?”

“अभी रखा तो नहीं है.”

“मग मी तिला घेऊन येते. तिचा हात बघा, माझ्या बोलण्यावर जाऊ नका.”

शनिवारी दोघी ई-रिक्षा, मग बस, मग पुन्हा ई-रिक्षा करत पोचल्या. वाटेत शिवांगी म्हणाली, “आप रहने देतीं, मॅडम. इतना झंझट.” हेमाताईंनी पिशवीतून तिळाच्या वड्यांचा डबा काढून तिच्या मांडीवर ठेवला. “खा. उपाशी हात थरथरतो.”

मालकांनी दोन्ही मुलींना पन्नास-पन्नास बाटल्या दिल्या. दहा दिवसांनी बघू, म्हणाले. शिवांगी कापायला बसली तेव्हा हेमाताई काचेच्या दारापाशीसुद्धा गेल्या नाहीत. बाहेर पेरूच्या कलमांजवळ रामरक्षा म्हणत बसल्या. आपण बघत राहिलो तर पोरीचा चिमटा आपल्यासाठी चालेल, कोंबासाठी नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

ते दहा दिवस हेमाताईंना महिन्यासारखे गेले. सोमवारी टेबलापाशी गीता असती तर काहीतरी बोलली असती. हेमाताई म्हणाल्या, “दिल्लीकडून काही नाही. सीतापूर रोडवरूनही काही नाही.” आणि बाटल्या पुढे ओढल्या.

अकराव्या दिवशी फोन आला. पन्नासातल्या एकोणपन्नास स्वच्छ. एकीत कापूस. दुसऱ्या मुलीच्या चौदा गेल्या होत्या.

“एक कैसे गई?” हेमाताईंनी शिवांगीला विचारलं.

“पहली वाली, मॅडम. हाथ काँप रहा था. तिल की बर्फी खाके भी.”

मग मात्र दोघी खूप हसल्या. शिवांगीनं नव्या मालकांकडून एप्रिलची पाच तारीख मागून घेतली, आणि एकतीस मार्चपर्यंत इथली शेवटचा ट्रे हरितगृहात जाईस्तोवर ती जागची हलली नाही. तिला कोणी थांब म्हटलं नव्हतं.

एप्रिल-मेच्या उन्हात लॅब दोघींवर चालली. हेमाताई छप्पन्न वर्षांच्या, मुक्ता त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी. सकाळी हरितगृहात पाणी, मग साठ बाटल्यांची देखरेख, दुपारी पुन्हा पाणी. एका दुपारी वीज तीन तास गेली तेव्हा दोघींनी ओल्या चादरी टांगून रोपं जगवली. अभिजितराव रविवारी ट्रे उचलायला यायचे आणि कंबर धरून घरी जायचे. दोनशे-अडीचशे रोपं मेली. ती हेमाताईंनी सोमवारी टेबलावर मुक्तासमोर मांडली. मुक्ता म्हणाली, “बाई, आता आपण दोघीच. कोणाला दाखवताय?” त्यावर त्या म्हणाल्या, “मलाच.”

जूनच्या शेवटी शेतकऱ्यांच्या गाड्या आल्या. आठ हजारांहून थोडी कमी, पण टवटवीत रोपं त्यांतून गेली. आणि पाठोपाठ दिल्लीचं पत्र आलं. मुदतवाढ मिळाली होती. एक वर्षाची, तीन बायकांपुरती.

साहेब खुशीत म्हणाले, “पहले शिवांगी को बुला लीजिए. आपका कहा टालेगी नहीं.”

टाळणार नाही, हे हेमाताईंनाही माहीत होतं. म्हणूनच फोन लावताना त्यांना जड गेलं. तो हात परत मिळाला तर लॅब महिनाभरात उभी राहील, हे खरं होतं. ते बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

“शिवांगी, जागा निघाल्या आहेत. एक वर्ष. त्यापुढचं मला माहीत नाही. तिथे तुझी नोकरी पक्की आहे. मी तुझ्या जागी असते तर आले नसते. आता तू सांग.”

“मॅडम, मैं नहीं आऊँगी,” शिवांगी म्हणाली. “पर मेरी ननद है, रुचि. हाथ साफ है. भेजूँ?”

“पाठव,” हेमाताई म्हणाल्या. मराठीतच म्हणाल्या, इतक्या वर्षांत शिवांगीला तेवढं कळत होतं. मग हिंदीत घाईघाईनं पुढे म्हणाल्या, “पण तिला आधीच सांगून ठेव. एकच वर्ष आहे.”