माझ्या गल्लीत नको असलेला नायक

निवडणुकीच्या दिवसांत मी वर्तमानपत्रात एक अख्खं वाक्य छापून आणलं, याचा मला अजून अभिमान वाटतो. हसू नका. त्या दिवसांत पूर्ण वाक्य छापून आणणं म्हणजे काही खायचं काम नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी नाशिकच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत सिनेमांवर लिहायला लागले. मानधन म्हणाल तर चहापुरतं. पण पुरवणीतला तो कोपरा माझा होता आणि तिथे माझ्याशिवाय कोणाचं चालत नाही, असा माझा पक्का समज होता. मग तो सिनेमा आला.

एका जुन्या गाजलेल्या सिनेमाची ती नवी आवृत्ती. रेल्वेतला एक फिटर पोलीस चौकीत खेटे घालून थकतो आणि शेवटी स्वतःच पाना उचलून गुंडांना धडा शिकवतो, एवढीच गोष्ट. जुन्या सिनेमात गुंड गिरणीमालकाने पोसलेले होते, म्हणून डावीकडच्या मंडळींना तो आपला वाटायचा. नव्यात गुंड गर्द विकतात, आणि नवा नायक मध्यंतरी एका पक्षाच्या प्रचारसभांमध्ये हात हलवून आला होता. झालं. ट्रेलर आला त्याच दिवशी गावाने निकाल लावून टाकला. अर्ध्यांना तो ग्रेट वाटला, अर्ध्यांना विषारी, आणि बघितला कोणीच नव्हता.

मी बघितला, शुक्रवारी दुपारी. त्या पक्षाच्या एका पुढाऱ्याने कार्यकर्त्यांसाठी निम्मं थिएटर घेतलं होतं. लासलगाव-सटाण्याकडून गाड्या भरून माणसं आली होती, सगळ्यांच्या गळ्यात उपरणी. नायक पडद्यावर आला तशा घोषणा सुरू झाल्या. मी कानात बोटं घालून बसले आणि मनातल्या मनात दोन शिव्याही हासडल्या. पण मध्यंतरानंतर एक प्रसंग आला. पहिल्यांदा एका माणसाला मारून नायक घरी येतो. बायको झोपलेली. तो स्वतःच ताट घेतो, पातेल्यातली आमटी वाढायला जातो आणि त्याचा हात असा थरथरतो की आमटी ओट्यावर सांडते. मग तो ती फडक्याने पुसत बसतो, डाग राहू नये म्हणून परत परत. अख्खं थिएटर गप्प झालं. माझ्या शेजारच्या उपरणेवाल्याने आपल्या मित्राला हळूच सांगितलं, "लय वाईट वाटलं राव." शेवटचा अर्धा तास मात्र नायकाचा हात थरथरायचा बंद झाला आणि माझा त्याच्यातला रस संपला.

त्या रात्री मी परीक्षण लिहिलं आणि शेवटचं वाक्य टाकलं: "हा नायक मला आवडला, पण माझ्या गल्लीत तो राहायला नको."

शनिवारी संपादकांचा फोन. ते बापडे सज्जन, पण मालकाला फोन गेला की त्यांचा रक्तदाब वाढतो. "मॅडम, बाकी सगळं उत्तम. शेवटच्या वाक्याचं तेवढं अर्धं ठेवू या."

"कुठलं अर्धं?"

"तुम्हीच ठरवा. 'आवडला' ठेवलं तर एक बाजू रागावेल, 'नको' ठेवलं तर दुसरी. पण दोन्ही ठेवलं तर दोन्ही रागावतील."

मी म्हटलं, अर्धं वाक्य छापायचं असेल तर खाली नावही अर्धंच टाका, आणि कोपरा दुसऱ्याला द्या. हे मी रागाने बोलले, पण फोन ठेवल्यावर मला धडकी भरली. तो कोपरा गेला तर माझ्या आठवड्यात उरणार काय, किराणा आणि गुडघ्यांची मलमं? शेवटी संपादकांनीच निरोप पाठवला. उद्या कट्ट्यावर वाचा, सर आणि वकीलसाहेब गप्प राहिले तर जसंच्या तसं छापतो.

कट्टा म्हणजे गंगापूर रोडच्या पुढे, मळ्यातल्या मिसळीच्या हॉटेलात दर रविवारी सकाळी जमणारी आमची मंडळी, संपादकही त्यातलेच. सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक. जुना सिनेमा त्यांना तोंडपाठ आणि नव्यावर त्यांनी फेसबुकवर लांबलचक पोस्ट टाकलेली. वकीलसाहेब माझ्याच गल्लीतले. नव्याची आरती ओवाळणारी पोस्ट त्यांचीही होती. हे दोघे रागावले की गावातले दोन्ही व्हॉट्सॲप गट पेटतात, म्हणून संपादकांना त्यांची भीती. कट्ट्याचा एक जुना नियम आहे. सिनेमा न बघता मत देईल त्याने त्या रविवारी रश्श्याची किटली हातात घ्यायची आणि सगळ्यांना वाढायचं. हॉटेलचा मालकही हा नियम पाळतो आणि किटली आनंदाने देतो.

मी परीक्षण वाचायच्या आधी म्हटलं, "एक प्रसंग वाचते. कसा वाटतो सांगा." आणि आमटीचा प्रसंग वाचला. जुन्यातला की नव्यातला, ते सांगितलं नाही.

सरांनी पापड खाली ठेवला. "ह्याला म्हणतात माणूस दाखवणं, ताई. जुन्या सिनेमाची ताकद ती हीच. नव्यात असलं काही शोधूनही सापडायचं नाही."

"तेच तर," वकीलसाहेब म्हणाले. "जुना नायक असाच रडका होता. नव्याने ती खोड काढून टाकली, म्हणून तर पब्लिक वेडं झालंय."

मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. मी जिलबीचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला आणि सांगितलं, की हा प्रसंग नव्यातला आहे. जुन्यात नायक घरी येतो, बिडी पेटवतो आणि गालात हसतो.

सरांना जुना सिनेमा आवडायचा, इतका की आपल्या मनातलं चांगलं सगळं त्यांनी त्यात घालून ठेवलं होतं. मालक आतून दोन किटल्या घेऊन आला, एक तर्रीची, एक साध्या रश्श्याची. आणि गावाच्या दोन्ही बाजू सगळ्या टेबलांवरून वाढत फिरल्या. संपादक इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग मी परीक्षण वाचलं, शेवटच्या वाक्यासकट. ज्याच्या हातात किटली आहे तो तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

पुढच्या रविवारी पुरवणी आली. मी पायऱ्यांवरच उघडली. वाक्य पूर्ण होतं, माझं नावही पूर्ण होतं.

त्या दिवशी सर आणि वकीलसाहेब कट्ट्यावर एकाच रिक्षातून आले. मधल्या आठवड्यात दोघांनी सिनेमा बघितला होता, तोही शेजारी शेजारी बसून, एकाने दुसऱ्याला मध्येच उठू द्यायचं नाही म्हणून. दोघांची मतं फारशी बदलली नव्हती. सर अजून जुनाच थोर म्हणत होते. पण भांडण चाललं होतं आमटीवरून. हात थरथरताना कॅमेरा ताटावर असायला हवा होता की तोंडावर, यावर त्यांनी दोन प्लेट मिसळ संपवली, आणि पक्षाचं नाव एकदाही निघालं नाही.

निघताना सर माझ्याजवळ वाकून म्हणाले, "आवडला मला तो. पण हे बाहेर कुठे बोलू नका."

वकीलसाहेब गल्लीपर्यंत माझ्याबरोबर चालत आले. आपल्या फाटकाशी थांबले, वकिलीच्या पाटीकडे बघितलं.

"ताई, तुमचं ते दुसरं अर्धं बरोबर आहे," ते म्हणाले. "तो इथे राहायला आला, तर माझ्याकडे कोण येईल?"