विरोधात एक

ऊसतोडीच्या धंद्यात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यानं बुडख्याला घाव घालायचा, तिनं पाचट सोलून मोळी बांधायची आणि गाडी भरताना दोघांनी डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून चढायचं. बाई पोटुशी असो की तापानं फणफणलेली, हिशेबात ती नवऱ्याच्या कोयत्यात. जोडीतलं एक मेलं, की उरलेल्याला अर्धा कोयता म्हणतात.

लंकाबाई कित्येक हंगाम अर्धा कोयता होती. तिचा नवरा पुंजाराम देवळाली प्रवराकडच्या एका फडावर काविळीनं गेला. दहावा-तेरावा उरकून ती परत फडात उभी राहिली. तोडणारी तीच, सोलणारी तीच, बांधणारी तीच. तिनं बांधलेली मोळी फळीवर कधी सुटली नाही. ऊस ती जमिनीलगत तोडायची, बोटभर खुंट मागं ठेवायची नाही. शेजारच्या जोडीतली दोघं मिळून जेवढं करायची, त्याच्या जवळपास ती एकटी करायची. तरी टोळीत ती अर्धीच. मुकादम गडी मोजताना तिच्यापाशी आला की म्हणायचा, "आन् ही अर्धी." लोक हसायचे. तिला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

पण तिला खरी शिसारी होती ती दुसऱ्याच गोष्टीची. फडाजवळ टोळीच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या पडल्या, की पाणी मळेवाल्याच्या विहिरीवरून आणायचं. हंडा घेऊन बांधावर उभं राहायचं आणि विचारायचं, "पानी भरू का?" मालक जेवत असला तर थांबायचं. मालकीणबाईचा डोळा लागला असला तर थांबायचं. मागच्या टोळीनं पाईप फोडलेला असायचा, त्याच्या शिव्या हिनं खायच्या. दिवसभर ऊस तोडून आलेल्या बाईनं पाण्यासाठी तोंड वेंगाडायचं, हे तिला कोयत्याच्या घावापेक्षा झोंबायचं.

गुडघे गेले तशी ती घरी बसली. घर तिसगावच्या पलीकडं, खडकवस्तीवर. वस्ती सगळी ऊसतोडीला जाणारी. मुलगा अमृत आणि सून रोहिणी आता कोयत्याला जात. गावठाणात नळ होते. वस्तीला ओढ्यापलीकडचा एक हातपंप, आणि त्याचा दांडा मारून मारून दंड भरून यायचे तेव्हा कुठं हंडा भरायचा.

यंदा पंचायत पाण्याची एक टाकी बांधणार होती. गावठाणात बांधायची की खडकवस्तीवर, हे एक मेच्या ग्रामसभेत ठरायचं होतं. वस्तीवर शाळेजवळ पंचायतीची जागा मोकळी पडलेली. ती जागा लंकाबाईनं मनात धरून ठेवली होती. ना कुणाचं दार, ना कुणाचा बांध. तोटी फिरवायची, भरायचं, निघायचं. कुणाला विचारायचं नाही.

सभा मारुतीच्या देवळापुढं, लिंबाखाली भरली. ऊन तापलेलं. वस्तीची माणसं नुकतीच कारखान्यांवरून परतलेली, म्हणून गर्दी होती. पुरुष एका अंगाला, बायका एका अंगाला. सरपंच ज्ञानेश्वर खुर्चीत, शेजारी ग्रामसेवक. ग्रामसेवकाला सगळे भाऊसाहेब म्हणतात.

सरपंचानं आधी गावठाणाचे हात मागितले. पुरुषांचे वर झाले, बायकांचेही झाले. भाऊसाहेबांनी मोजले. मग वस्तीचे मागितले. वस्तीच्या पुरुषांनी हात वर केले. वस्तीच्या बायका मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. एकट्या लंकाबाईचा हात वर. भाऊसाहेब मोजत मोजत तिच्यावरून पुढं गेले.

"भाऊसाहेब, माजा हात ऱ्हायला."

"आजी, तुमच्या अमृतचा धरलाय ना."

"त्यो अमृतचा. ह्यो माजा."

"एकाच घरातला आहे हो."

"गावातल्या बाया बी घरातल्याच हायेत. त्यांचे कसे धरले?"

"त्यांनी वर केले म्हणून धरले."

"मग ह्यो काय खाली हाय?"

सभेत हशा पिकला. भाऊसाहेबांनी नाइलाजानं एक वाढवला. वाढवूनही वस्ती हरली होती, आणि चांगली हरली होती.

लंकाबाई बायकांकडं वळली. "का गं? हात मोडले का तुमचे?"

बनुबाई बाजूलाच बसली होती. साधी, कष्टाळू बाई. ती घाबरून म्हणाली, "आमच्या ह्यांनी केलाय की वर. जोडीचा एकच न्हाई का धरत?"

"अगं भवाने, ह्यो काय उसाचा फड हाय? हितं कोयतं न्हाई मोजीत. हितं मानूस मोजत्यात."

बनुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. बाकीच्यांनीही आपापल्या नवऱ्याकडं पाहिलं. मतदानाला ह्याच बायका बोटाला शाई लावून घेतात आणि ते बोट दिवसभर मिरवतात. हात वर करायला मात्र त्यांना नवरा लागत होता.

ती उठून उभी राहिली. गुडघा कळवळला. "परत मोजा. आमच्या बायांना कुनी सांगितलंच न्हाई का त्यांचा बी हात धरत्यात."

सरपंच हसला. "म्हातारे, कोयता सोडलास तरी धार हाय तुला. घ्या भाऊसाहेब, घ्या परत. होऊन जाऊ द्या हिच्या मनासारखं."

बायका काही हात वर करायच्या नाहीत, अशी त्याची खात्री होती. ती चुकीची नव्हती. पुन्हा पुकारा झाला, आणि बायका तशाच बसून. त्यांची नजर नवऱ्यांकडं, नवऱ्यांची नजर मच्छिंद्र मुकादमाकडं. मच्छिंद्र देवळाच्या पायरीवर बसून तळहातावर तंबाखू मळत होता. सारी वस्ती त्याच्याच टोळीत जायची आणि त्याला नाना म्हणायची. त्यानं चिमूट ओठात धरली, सरपंचाकडं पाहिलं, बायकांकडं पाहिलं, आणि बसल्या जागेवरून म्हणाला, "हं. करा गं वर."

सगळे हात एकदम वर गेले. पहाटे शिट्टी वाजली की कोप्यांतून टोळी उठते तसे. बांगड्यांचा आवाज झाला. रोहिणीचाही हात वर होता.

वस्ती जिंकली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी पळत जाऊन हार आणला आणि मच्छिंद्रच्या गळ्यात घातला. "नानांनी टाकी आनली!" बनुबाई टाळ्या वाजवत होती. भांडली कोण आणि हार कुणाला, याचं लंकाबाईला काही नव्हतं. हार घालून तिला काय करायचं होतं? पण एवढ्या बायांना स्वतःचा दंड उचलायला मुकादमाचा शब्द लागला, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. नासलेल्या कालवणाचा वास आल्यागत तिनं पदर नाकाला लावला.

मच्छिंद्र हार सावरत उभा राहिला. "आता जागेचं बी उरकून घेऊ. शाळंपाशी नको. पोरं तोट्या मोडत्यात, गुरं घान करत्यात. माज्या अंगनात घ्या. कंपाऊंड हाय, माजी मानसं देखरेख करतील. म्या जागा फुकट देतो. काय म्हनता? करा वर."

हात पुन्हा गेले वर. अमृतचा, रोहिणीचा, बनुबाईचा. सरपंचानंही मान डोलावली. त्याला मच्छिंद्रशी वाकडं नको होतं.

"ठराव सर्वानुमते मंजूर," भाऊसाहेब लिहू लागले.

"सर्वानुमते न्हाई," लंकाबाई म्हणाली. "विरोधात एक."

अमृत मागून कुजबुजला, "आये, बस की खाली. टाकी मिळाली ना? दसऱ्याला त्याच्याच टोळीत जायचंय आपल्याला."

"तू जा. मी न्हाई जायची."

भाऊसाहेब वैतागले. "आजी, एकानं काय फरक पडतो?"

"पडू न्हाईतर नको पडू. मी हितं बसलेय का न्हाई? मग लिव्हा."

"बरं, लिहिलं."

"वाचून दावा."

भाऊसाहेबांनी वाचलं, "विरोधात एक." मच्छिंद्र हसून म्हणाला, "अर्धा म्हना, भाऊसाहेब, अर्धा!" वस्तीचे लोक हसले. ज्यांच्यासाठी ती उन्हात भांडली, तेच हसले. लंकाबाई निघून आली.

श्रावणात टाकी झाली. मच्छिंद्रच्या अंगणात, निळी, उंच, वर त्याचं नाव. सकाळी कंपाऊंडचं दार उघडायचं. दुपारी नाना झोपले की बंद. त्यांच्याकडं पाहुणे आले की बंद. बायका दाराबाहेर उन्हात हंडे मांडून बसायच्या. दार किलकिलं झालं की एकीनं आत डोकावून मच्छिंद्रच्या बायकोला विचारायचं, "काकू, पानी भरू का?"

ते शब्द लंकाबाईनं रस्त्यानं जाताना ऐकले. ती थांबली नाही. ओढा ओलांडून ती हातपंपावर गेली. दांडा मारताना दर खेपेला गुडघ्यातून कळ निघायची. थोडं मारावं, थोडं टेकावं, असं करत ती हंडा भरायची.

एका दुपारी रोहिणी मागं आली. कडेवर हंडा, हंडा रिकामा. तोंड उतरलेलं.

"आत्याबाई, काकूनं कुत्रं सोडलं अंगनात. म्हनली, रोज रोज काय दारात गर्दी."

लंकाबाई दांडा मारत राहिली.

"दोन आक्टोबरला सभा हाय," रोहिणी म्हणाली. "पाईप बाहीर रस्त्याला काढा, तोट्या तिथं बसवा, असं मांडा तुमी."

"तू मांड. तोंड हाय ना तुला?"

"मला न्हाई बोलता यायचं. तुमी बोला. तुमी म्हनाल तवा मी हात वर करीन. समद्या बाया करतील, मी इचारलंय त्यांना."

दांडा थांबला. लंकाबाईनं सुनेकडं नीट पाहिलं. ही पोरगी दिवसाला गाडीभर ऊस सोलते. हिच्या हाताला घट्टे आहेत, पुरुषाला नसतील असे.

"मंजी आता मुकादम म्या व्हायचं व्हय?"

"तसं न्हाई ओ..."

"तसंच हाय. मी मांडीन. माजा हात वर करीन. तुज्या हाताचं मला इचारायचं न्हाई."

रोहिणी गोंधळून उभी राहिली. मग तिनं हळूच विचारलं, "मंजी करू का नको?"

लंकाबाई बाजूला पचकन थुंकली, भरलेला हंडा डोक्यावर घेतला आणि ओढ्याच्या उताराला लागली.