फळ्याकडे तोंड करून

सिंधूबाई आणि मी एका शाळेत अकरा वर्षं होतो. शाळा म्हणजे वडगाव रासाईच्या पुढे, भीमेच्या कडेच्या एका वस्तीवर दोन खोल्या. एकीत त्यांची पहिली-दुसरी, एकीत माझी तिसरी-चौथी. मधल्या दाराला कडीच नव्हती, ते कायम उघडं. म्हणून त्यांच्या वर्गात झालं ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. तरी जे दिसायला हवं होतं ते मला दिसलं नाही.

दोन हजार साली पहिलीपासून इंग्रजी आलं. आम्ही दोघी मराठी शाळेतल्या; आमचं इंग्रजी पाचवीपासूनचं, तेही पाठांतराचं. मी घाबरले होते. शिरूरच्या प्रशिक्षणाहून परत येताना सिंधूबाई एसटीत म्हणाल्या, "ताई, आपण लेकराला 'बस' कसं शिकवतो? बसवूनच ना? तसंच हे. त्यात काय एवढं!"

आणि त्यांनी तसंच शिकवलं. पुस्तक नाही, पाटी नाही. "स्टँड अप" म्हटलं की सत्तावीस पोरं उभी. "टच युअर नोज" म्हटलं की सत्तावीस बोटं नाकावर. दिवाळीपर्यंत वस्तीवरच्या बाया पाण्याला जाताना खिडकीशी थांबून बघायच्या.

त्या सत्तावीसांत त्यांची लेक धनश्री होती, धनू. नवरा, ज्योतिबाराव, दौंडला रेल्वेत; ते रविवारी यायचे, लेक आईजवळ राहायची. शाळा सुरू व्हायच्या आधी, उन्हाळ्यात धनूला मोठा ताप आला होता. आठ दिवस पोरीनं डोळे उघडले नाहीत. मी रासाईला खण-नारळ बोलले होते. पोर उठली, मी नवस फेडला. त्यानंतर ती जरा अबोल झाली, हट्टी झाली, पण एवढ्या दुखण्यातून उठलेलं लेकरू, कोण काय म्हणणार? वर्गात तर ती बरोबर सगळं करायची. उठायची, बसायची, नाकाला बोट लावायची.

वस्तीवरच्या कुशाबाई, मेंढरं राखून म्हाताऱ्या झालेल्या, एकदा म्हणाल्या, "बाई, तुमची लेक लई गर्वाची हाय बगा. मागनं कवाधरनं हाक मारतीया, वळंल तर शपथ."

सिंधूबाई हसल्या. "मावशी, इंग्रजीत मारा हाक, मग वळंल."

"मंग तुमीच शिकवा की मला. 'ये गं भवाने'ला विंग्रजीत काय म्हंत्यात?"

आम्ही तिघीही हसलो. मीही हसले, हे मी इथं लिहून ठेवते.

जानेवारीत केंद्रप्रमुख साहेब आले. वर्ग बघून खूश झाले. मग म्हणाले, "बाई, छान. पण पोरं एकमेकांचं बघून करतात. एकेकाला फळ्याकडे तोंड करून उभं करा बरं."

दुसऱ्याच्या लेकराला कशाला आधी अडचणीत टाकायचं, म्हणून सिंधूबाईंनी आपल्याच लेकीला पुढे घेतलं. दंडाला धरून तिला फळ्याकडे वळवलं आणि मागे सरकून म्हणाल्या, "धनू, टच युअर नोज."

धनू तशीच उभी.

"टच युअर नोज!" थोडं मोठ्यानं. मग मराठीत, "अगं, नाकाला हात लाव!"

पोरं फिदीफिदी हसायला लागली. मागून कोणीतरी म्हणालं, "बाईंच्याच लेकीला येईना!" सिंधूबाईंचा चेहरा लाल झाला. त्या पुढे गेल्या आणि त्यांनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

धनू वळली. आधी तिनं आईचा चेहरा बघितला, मग पोरांकडे बघितलं. पोरं नुसती हसत होती, कोणीच काही करत नव्हतं. मग तिनं घाईघाईनं बसून दाखवलं, उठून दाखवलं, नाकाला हात लावला, कानाला लावला, टाळ्या वाजवल्या, उडी मारली. येत होतं ते सगळं एकामागून एक करत सुटली, यातलं काहीतरी बरोबर असेल म्हणून.

साहेब उठून उभे राहिले. हळू आवाजात म्हणाले, "बाई, हिला ऐकू येतं ना?"

पुण्याच्या डॉक्टरांकडे मी बरोबर होते. त्यांनी सांगितलं, त्या तापातच दोन्ही कानांच्या नसा गेल्या. ढोलाएवढा आवाज तेवढा कळत असेल. सात-आठ महिने झाले म्हटल्यावर ते वैतागले. "शाळेत जाते ना ही? हिच्या बाईंच्या कसं लक्षात आलं नाही?" सिंधूबाईंनी खाली मान घातली. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझा हात दाबला.

मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत धनूला ठेवलं. तिथं सांगितलं, घरी हातवारे करू देऊ नका, सवय लागली तर बोलणं जाईल, बोलवून घ्या. सिंधूबाईंना आता एकच आस होती, पोरीचं बोलणं टिकावं. सुट्टीत धनू आली की आरसा घेऊन बसायच्या, तिचा हात आपल्या गळ्याला लावायच्या, "म्हण, पा-णी. म्हण, आ-ई." धनू हातांनी काही सांगायला लागली की तिची मनगटं मांडीवर दाबून धरायच्या. "तोंडानं, धनू, तोंडानं." पोर पहिल्यांदा रडायची. पुढं रडणं थांबलं, आणि घरात बोलणंही.

शाळेत मात्र त्या इंग्रजी शिकवतच राहिल्या. दर जूनला नवीन पोरं आली की प्रत्येकाच्या मागे जाऊन हळूच नाव घ्यायच्या. वळलं की पुढच्याकडे. एका वर्षी सुरज नावाचं पोरगं वळलं नाही. त्याचा कान वाहत होता, औषधानं बरा झाला. त्याची आई पाया पडायला आली, तर सिंधूबाई घरात निघून गेल्या.

धनू चौदा वर्षांची असताना तिच्या शाळेचं संमेलन होतं. ज्योतिबारावांना ड्यूटी होती म्हणून मी गेले. पोरांचं नाटक झालं, सगळं हातांनी; तोवर त्या शाळेनंही हातवाऱ्यांची बंदी सोडली होती. सभागृह हसायचं तेव्हा सिंधूबाई शेजारणीकडे बघायच्या आणि मग हसायच्या. नाटक संपलं तशी सगळ्यांनी हात वर करून पंजे हलवले. तिथल्या टाळ्या अशाच. सिंधूबाईंनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि मग आपलेही हात वर केले.

ते हात तसेच वर राहिले. "ताई," त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गात ती असंच बघून करायची गं."

बाहेर धनू मैत्रिणींच्या घोळक्यात होती. काय भराभर हात चालत होते तिचे! तोंडभर हसत होती. घरी मी तिला तसं कधी बघितलं नव्हतं. तेवढ्यात तिला आई दिसली. तिनं पटकन दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि घोगऱ्या आवाजात, ओठ ताणून म्हणाली, "आ-ई."

सिंधूबाईंनी तिचे हात पाठीमागून सोडवून पुढे आणले. धरून उभ्या राहिल्या. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, त्या हातांच्या भाषेत. पण त्यातलं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. मग एक हात सोडून त्यांनी आपल्या नाकाला बोट लावलं.

धनूला काही आठवलं नाही. तिनं आईच्या वाहणाऱ्या डोळ्यांकडे बघितलं, कमरेला खोचलेला रुमाल काढला आणि आईच्या हातात दिला.