तुमच्याकडची एक होती, टिकली नाही

मी घर सोडलं त्या दिवशी आबांनी मंचरच्या स्टँडवर माझी बॅग स्वतः एसटीत चढवली आणि कंडक्टरला सांगितलं, "पोरगी सायंटिस्ट व्हायला चाललीया राव, जरा खिडकीजवळ बसवा." कंडक्टर हसला. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. आई स्टँडवर आली नव्हती. सकाळीच एक मेंढी विताना अडली होती, तिच्याजवळ ती बसून होती. निघताना मी पाया पडले, तेव्हा हात धुता धुता म्हणाली, "सरांना उलटून बोलू नको. गुमान शिक."

आमचं गाव महाळुंगे पडवळ. आता बहुतेकांची शेती आहे, पण आमच्या घरात मेंढरं अजून आहेत. मी लहान असताना दिवाळीनंतर आम्ही कळप घेऊन कोकणात उतरायचो. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर बांधलेल्या कोंबड्या आणि त्यांच्यामध्ये मी. रात्री उघड्या रानात वाडा, म्हणजे मेंढरांसकट आमचा तळ, पडायचा आणि कुत्री भोवती फिरत राहायची. पुढं पुण्यात एम.एस्सी. करताना मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांवर औषधं का लागू पडेनाशी झाली आहेत, हाच विषय मी धरला. आबा दरवर्षी तेच विचारायचे, म्हणून. त्याच विषयावर पीएच.डी. करायला मी हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत गेले.

तिथले माझे गाइड मराठीच होते. पहिल्या भेटीत त्यांनी गाव विचारलं, मी सांगितलं. चष्मा पुसत ते म्हणाले, "तुमच्या जुन्नरकडची एक होती इथं. हुशार होती. टिकली नाही." मी जुन्नरची नाही, आंबेगाव तालुक्यातली, असं म्हणणार होते. पण आईचं बोलणं आठवलं आणि गप्प बसले.

मला जे टेबल मिळालं ते तिचंच होतं. फ्रीजच्या तळाशी काचपट्ट्यांचे डबे होते, त्यांवर तिच्या हातचं बारीक, नेटकं नाव: शैला. ते डबे कुणी टाकतही नव्हतं आणि वापरतही नव्हतं. सूक्ष्मदर्शकापाशी एकटी बसले, की मागं कुणीतरी उभं राहून माझं काम बघतंय असं वाटायचं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी मी मागं वळून बघायचे.

सुरुवातीला मी सगळं हसण्यावारी नेलं. पाहुणे आले की चहाचं मला बघायला सांगायचे, मीटिंगमध्ये लिहून घ्यायला मलाच बसवायचे. मग फील्डवर्कची वेळ आली. मेंढपाळांच्या वाड्यांवर राहून नमुने गोळा करायचे होते. सर म्हणाले, मुलगी रानात कशी राहील, जबाबदारी कोण घेणार? मी सांगितलं की मी वाड्यावरच वाढलेय. ते म्हणाले, "ते तेव्हाचं. आता तू संस्थेची विद्यार्थिनी आहेस." माझ्याऐवजी एका मुलाला पाठवलं. तो स्वभावानं वाईट नव्हता. कुत्री जवळ येऊ देत नाहीत म्हणून तो रोज मला फोन करायचा आणि मी त्याला वाड्यावर कसं शिरायचं ते सांगायचे. नमुने आले, ते मी तपासले. कुठल्या जंतांवर औषध चालत नाही आणि का, हे मी शोधलं. लेख छापून आला तेव्हा पहिलं नाव त्याचं होतं. माझं नाव शेवटी, आभारात, ज्यांनी काचसामान धुतलं त्यांच्याबरोबर.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी आवाज चढवला नाही. समजूत घालावी तसं म्हणाले, "तुझं लग्न ठरलं की तू जाणार. त्याला करिअर करायचंय."

त्या दिवाळीला घरी आले, पण आबांना काहीच सांगितलं नाही. मी शैलाचा शोध घेतला. जुन्नर तालुक्यातली, शिकायला हैदराबादला गेलेली, एवढ्यावर पत्ता लागला. आळेफाट्याला हायवेलगत तिच्या नवऱ्याचं ट्रकचं गॅरेज होतं आणि वरच्या खोलीत ती दहावी-बारावीचे क्लास घ्यायची. खालून लोखंड ठोकल्याचा आवाज येत होता. मी कुठून आले ते सांगितल्यावर तिनं मुलांना लवकर सोडलं आणि दार ओढून घेतलं.

"तिथं काय सांगत्यात माझ्याबद्दल?"

टिकली नाही म्हणतात, असं मी सांगितलं.

ती बराच वेळ फळा पुसत राहिली. मग पाठमोरीच बोलली. थीसिसवर चर्चा करायला सर तिला गेस्ट हाऊसवर बोलवायचे. ती एकदा गेली आणि दारातूनच परत आली. त्यानंतर तिच्या कुठल्याच कागदावर सही झाली नाही. फेलोशिप थांबली. "सगळ्यांना वाटतं, मी लग्नासाठी सोडलं. लग्न मागनं झालं. काम आधीच गेलं व्हतं."

मी उठले तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "तू मला शोधत आलीस," ती म्हणाली, "म्हंजी तुझं पण सुरू झालंय."

परत गेल्यावर मी संस्थेच्या तक्रार समितीकडं तक्रार केली. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, त्यांनी अंगाला हात लावला का? मी नाही म्हणाले. मग ही अभ्यासातली बाब आहे, तुम्ही दोघं बसून मिटवा, असं ठरलं. शैलाताईचं नाव मी घेतलं नाही, तिनंच बजावलं होतं. त्यानंतर प्रयोगशाळेत माझ्याशी कुणी भांडलं नाही. बोललंही नाही. मी आत गेले की चाललेलं बोलणं थांबायचं. कशीबशी पदवी मिळवली. सरांचं शिफारसपत्र मिळणार नव्हतंच. थीसिस तपासणाऱ्या परदेशी बाईंना मीच ईमेल लिहिला आणि त्यांनी मला नेदरलँड्सला बोलावून घेतलं. गावात सगळ्यांना वाटलं, हुशार म्हणून तिकडं नेलं. आबांनी पेढे वाटले. मला हाकलल्यासारखं झालं होतं, हे त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही.

विमानतळावरून मी शैलाताईला फोन केला. ती "बरं झालं" म्हणाली. त्यानंतर तिनं माझा फोन कधीच उचलला नाही.

आता इथं माझा स्वतःचा छोटा गट आहे. सायकल, पाऊस, ब्रेड, डच भाषेतले बँकेचे ईमेल, सगळं अंगवळणी पडलंय. इथंही मीटिंगमध्ये माझंच बोलणं एखादा पुरुष पुन्हा बोलतो आणि ते त्याचं ठरतं. पण मी त्याला थांबवू शकते. तरी कुणी केबिनचं दार लावलं की माझी मान आपोआप मागं वळते. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, खिडकीच्या काचेत माझं प्रतिबिंब दिसतं, आणि क्षणभर तिथं फळा पुसणारी शैलाताई उभी आहे असं वाटतं. जी गॅरेजच्या वर बसली, ती मीही असू शकले असते. मग ती इथं का नाही, या प्रश्नाशी येऊन मी थांबते.

मागच्या हिवाळ्यात घरी गेले, तर शाळेनं सत्कार ठेवला होता. माझ्या फोटोचा भलामोठा फ्लेक्स, शाल, नारळ. आई-आबा पहिल्या रांगेत. भाषण झाल्यावर नववीतली एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, तिकडं बायांना बरोबरीनं वागवत्यात का?"

"हो" म्हणणं सोपं होतं. सगळे त्यासाठीच बसले होते. पण त्या पोरी माझ्याकडं एवढ्या विश्वासानं बघत होत्या, की मी माइक हातात धरून हैदराबादपासूनचं सगळं सांगितलं. लेखावरचं नाव, समिती, आणि नाव न घेता ती दुसरी मुलगी. मुख्याध्यापक घड्याळ बघायला लागले. आबांनी मान खाली घातली. शेवटी मी म्हणाले, जा, नक्की जा, पण हे माहीत असूनच जा.

आम्ही घरी आलो. आबा मेंढरांकडं निघून गेले. आई चुलीपुढं बसली. तव्यावर भाकरी टाकत म्हणाली, "मंग तवाच घरी का न्हाई आलीस?"

"आले असते, तर तू मला परत जाऊ दिलं असतंस?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. ती फुगेपर्यंत बघत राहिली.

"न्हाई," ती म्हणाली.

तिनं खोटं सांगितलं नाही. माझ्यासारखं घर सोडलेल्या कुणी मला विचारलं, की घर म्हणजे आता काय, तर मी त्या संध्याकाळचं सांगेन. एवढी वर्षं मी सुट्टीला गावी येत होते, पेढे खात होते, चांगलं तेवढंच बोलत होते. त्या "न्हाई"नंतर मी आईशेजारी जमिनीवर बसले, आणि कितीतरी वर्षांनी घरी आल्यासारखं वाटलं.