जोएलचा होमरन कुठे पडला

जोएलच्या एकुलत्या एका होमरनचा बॉल माझ्यामुळे हरवला.

हे आधी सांगतो, कारण ग्राउंडवरचे लोक मला त्यावरूनच ओळखतात.

जोएल बुधवारी गेला. वय एकोणतीस. इथे आखातात, उम्म अल कुवैनमध्ये एका वेअरहाउसला होता. ड्युटीवर असताना छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलला नेईपर्यंत संपलं होतं.

माझ्या बहुतेक मित्रांना तो माहीत नसणार. फिलिपिनो होता. दर शनिवारी सकाळी अल बर्शाजवळच्या ग्राउंडवर बेसबॉल खेळायला यायचा. शेजारच्या नेट्समध्ये माझ्या मुलाचं, ओमचं, क्रिकेट कोचिंग असायचं. दोन तास काय करायचं म्हणून मी कुंपणाला टेकून बेसबॉल बघायचो.

नियम कळत नव्हते. पण जोएलची फिल्डिंग कळायला नियम लागत नव्हते. बॉल जमिनीलगत कितीही जोरात आला तरी त्याची घाई नसायची. उचलला, फेकला, बस. बॉल त्याच्याकडे चाललाय दिसलं की लोक आधीच टाळ्या वाजवायचे.

बॅटिंग मात्र बेताची. कुंपणाबाहेर, म्हणजे होमरन, त्याने कधी मारला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी मारला.

मी तेव्हा बाहेर पार्किंगमध्ये उभा होतो. ओमचं कोचिंग नुकतंच सुटलं होतं. बॉल माझ्याकडेच आला. मी पकडला आणि लगेच आत फेकून दिला.

क्रिकेट बघत वाढलेला माणूस दुसरं काय करणार.

ओमने कपाळाला हात लावला. "बाबा, यू डोन्ट गिव्ह इट बॅक. एव्हरीबडी नोज दॅट."

मला माहीत नव्हतं. पहिला होमरन असेल तर तो बॉल जपून त्या खेळाडूला देतात. मी फेकलेला बॉल तोवर अंपायरच्या पिशवीत बाकीच्यांत मिसळला होता.

मॅच संपल्यावर जोएल माझ्याकडे आला.

"सर, तुम्ही माझा बॉल परत दिला?"

"सॉरी. क्रिकेटमध्ये परत द्यावाच लागतो."

"व्हेरी ऑनेस्ट गेम, सर, क्रिकेट."

मग कळलं. त्याला बेसबॉल त्याच्या वडिलांनी शिकवला होता; तो त्यांना पापा म्हणायचा. पहिल्या होमरनच्या बॉलसाठी त्यांनी गावच्या घरी शेल्फवर जागा मोकळी ठेवली होती.

आम्ही दोघं पिशवीतला एकेक बॉल काढून बघत बसलो. सगळे सारखेच मळलेले. त्याने एक उचलला.

"हा?"

"असेल. नक्की नाही सांगता येणार."

त्याने तो पिशवीत परत टाकला. "मग नको. पापांना खोटं नाही सांगणार. नेक्स्ट वन, सर. यू कॅच, यू कीप, यू गिव्ह मी."

पुढे ओमने कोचिंग सोडलं. मी जात राहिलो. पार्किंगमध्ये त्याच जागी उभा राहायचो.

बॅटिंगला जाताना तो लांबून ओरडायचा, "सर, रेडी?"

"रेडी."

"इन्शाल्ला टुडे."

दोन सीझन झाले. एकदा बॉल कुंपणाला वरच्या बाजूला लागून आत पडला. बाकी काही नाही.

काल अल मजाजला त्याच्या बहिणीच्या, लिझाच्या, फ्लॅटवर प्रार्थना होती. मी दाराजवळ बसलो होतो. लिझा पापांशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. तिने फोन माझ्याकडे वळवला आणि त्यांना सांगितलं, "हेच ते सर."

मी बॉलबद्दल माफी मागितली. तिने त्यांच्या भाषेत सांगितलं. त्यांनी हात हलवला, राहू दे म्हणून. मग काहीतरी विचारलं.

"पापा विचारतायत, बॉल पडला कुठे? जोएलला माहीत नव्हतं. तो पळत होता. टीमवाले म्हणतात, कुंपणावरून गेला एवढंच दिसलं."

मी सांगितलं. गाड्यांची पहिली रांग ओलांडली. एका पांढऱ्या पिकअपच्या मागे टप्पा पडला. मग माझ्या हातात आला.

म्हणजे तो कॅच नव्हता. इतके दिवस मी सगळ्यांना कॅच म्हणूनच सांगत होतो.

पापांनी परत पहिल्यापासून सांगायला लावलं. मग विचारलं, कुंपणापासून किती पावलं?

अंदाजे काहीही सांगितलं असतं तर चाललं असतं. पण जोएलनेही पिशवीतला बॉल अंदाजाने घेतला नव्हता.

"उद्या सांगतो," म्हटलं.

आज सकाळी ग्राउंडवर गेलो. मॅच रद्द होती. टप्पा पडला त्या जागेवर कोणाची तरी गाडी उभी होती. मालक येऊन ती नेईपर्यंत थांबलो. मग कुंपणापासून चालत मोजलं. दोनदा.

एकवीस पावलं.

लिझाला तसा मेसेज केला. माझी उंची पाच फूट सात इंच, तेही लिहिलं.

थोड्या वेळाने तिचा रिप्लाय आला.

"थँक यू सर. पापा अंगणात मोजतायत."

जोएल, तुला शेवटचा नमस्कार. शांतपणे जा.