जीव होता

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. मुलांना तर नाहीच. मशिदीतल्या मौलवींना एकदा आडून विचारलं होतं, म्हणजे समजा एखाद्या माणसाने असं असं केलं तर — पण ते माझ्याकडे जरा रोखून बघायला लागले, तशी मी पावसापाण्याचं काढलं आणि उठलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीच्या माणसाला सांगायची माझी छाती नाही. कधीच नव्हती.

गोष्ट एका छर्‍याच्या बंदुकीची आहे. जुन्या, वापरलेल्या. हसू नका. मलाही आधी वाटायचं की एवढ्याशा गोष्टीचं काय एवढं.

नव्वद सालानंतरची तीन-चार वर्षं. मी बहारीनला, सित्राच्या एका वर्कशॉपात फिटर होतो. पंप, कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह — जे बिघडेल ते माझ्या टेबलावर. राहायला मनामात एका खोलीत आम्ही पाच जण, सगळे रायगडचे, सगळे आजूबाजूच्या गावांतले. त्यातले दोघे तुम्हाला कळले की पुरे. एक दाऊदचाचा, वयाने सगळ्यांत मोठे, वीस वर्षं एकाच कापडाच्या दुकानात उभे राहिलेले. दुसरा रफीक, माझ्याच वयाचा, कंपनीची पिकअप चालवायचा. चाचांच्या धाकट्या मुलीशी, नफीसाशी, रफीकचं लग्न ठरलं होतं. तोंडी ठरलं होतं, पण आमच्यात तोंडी म्हणजे ठरलंच. चाचा कायमचे गावाला निघाले होते, जाऊन साखरपुडा करणार होते. रफीक तेव्हापासून खोलीत गुणगुणत झाडू मारायचा. आम्ही त्याला काय काय चिडवायचो.

चाचांचं एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते पाकिटातली कोंबडी खायचे नाहीत. पाकिटावर हलालचा शिक्का असायचा, तरी नाही. म्हणायचे, शिक्का कोणी मारला ते मी पाहिलं नाही. बाजारात जाऊन जिवंत कोंबडी घ्यायचे, समोर उभे राहून कापून आणायचे. कोणाच्या घरी जेवायला गेले आणि शंका आली तर डाळभातावर उठायचे, यजमानाला वाईट वाटू न देता. वीस वर्षं शंकेचा एक घास त्यांच्या पोटात गेला नव्हता. ही त्या माणसाची कमाई. दुसरं फार काही त्यांनी कमावलं असेल असं मला वाटत नाही.

बंदूक मी देशाला परत निघालेल्या एका गोर्‍या इंजिनियरकडून घेतली. रफीकला त्यात अर्धा वाटा हवा होता. मी नाही म्हटलं. माझी वस्तू माझी. हे लक्षात ठेवा, मी पुढे याचा वापर केला.

हालत वाईट होती तिची. लाकडी दस्त्याचे स्क्रू ढिले, नळीत शिसं चिकटलेलं, पिस्टनवरचं चामड्याचं वॉशर वाळून खडंग. नळी दुमडून छर्रा भरला आणि चाप ओढला की छर्‍यापेक्षा वाराच जास्त बाहेर यायचा. मी ती सगळी खोलली. वॉशर दोन दिवस तेलात भिजत ठेवलं. दोरीला फडकं बांधून नळीतून इतक्यांदा ओढलं की शेवटी फडकं पांढरं निघालं. स्क्रू आवळले, नेम धरायची मागची खाच आणि पुढची माशी एका रेषेत आणली. हमद टाउनच्या कडेला एका म्हातार्‍या अरबाची खजुराची बाग होती. त्याच्या कोंबड्यांचं दाणं होले, ती कबुतरासारखी पाखरं, खाऊन जायचे, म्हणून तो आम्हाला शुक्रवारी सकाळी आत सोडायचा. यल्ला, मारा, म्हणायचा. तिथे झाडाच्या बुंध्यावर पुठ्ठा ठोकून पंचवीस पावलांवरून मी ती नेमाला बसवली. बाटलीच्या बुचाएवढ्या जागेत पाच छर्रे. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला स्वतःचा जो अभिमान वाटला, तो पुढे पोरगा झाला तेव्हाही वाटला नाही.

आता यातली मेख. छर्‍याने मेलेलं पाखरू आम्हाला चालत नाही. छर्रा म्हणजे नुसता मार, सुरी नाही. पाखरू पडल्यावर त्यात जीव असायला हवा, आणि त्या जीवावर बिस्मिल्लाह म्हणून सुरी फिरायला हवी. तर ते हलाल. आधीच मेलं तर ते मुर्दार, मग कितीही कापा. म्हणून आमचं ठरलेलं होतं — मी मारायचो, रफीक सुरी घेऊन धावायचा. जुनी स्प्रिंग कमजोर होती ते एका परीने बरंच होतं. होला फडफडत पडायचा, रफीक पोचेपर्यंत तडफडत असायचा. त्या गोर्‍याने मला जाताना सांगितलं होतं की चांगली बंदूक तीच, जी पाखराला तडफडू देत नाही. त्याचं त्याच्या जागी बरोबर होतं. आमचं आमच्या जागी.

पण एक-दोन होले पंख मोडूनही उडून गेले, आणि खोलीत माझी टिंगल सुरू झाली. फिटरची बंदूक, पाखराला नुसती गुदगुल्या करते. मला टिंगल सहन होत नाही. आजही होत नाही. वर्कशॉपात भंगारात पडलेल्या व्हॉल्व्हची स्प्रिंग होती, जाड तारेची. ती मी मापाला कापली, टोक तापवून बसवलं, ग्राइंडरवर सपाट केलं. नळी दुमडताना आता दंड भरून यायचे. आधी छर्रा फळीत रुतायचा, आता फळीच्या पार. मी खूश. रफीकने फळीचं भोक बघितलं आणि म्हणाला, हे जरा जास्त नाही होत? मी त्याला म्हटलं, तू गाडी चालव.

त्याच आठवड्यात चाचांना तापाने धरलं होतं. चार दिवस अन्न नाही. तिकीट पुढच्या बुधवारचं. पडल्या पडल्या म्हणाले, होल्याचं कालवण असतं तर भाकरीशी दोन घास गेले असते. असं काही मागायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मी म्हटलं, चाचा, जुम्याला तुमच्या पुढ्यात ठेवतो.

शुक्रवारी पहिला होला दगडासारखा पडला. रफीक धावला, उचलला, हात वर करून म्हणाला, खलास. दुसरा तसाच. तिसर्‍यालाही खलास. मग त्याने धावणं सोडलं, चालत जायला लागला. सहा पाखरं पडली आणि एकाचीही पापणी हलत नव्हती. रफीकने ती ओळीने भिंतीशी ठेवली आणि म्हणाला, जास्त झाली तुझी स्प्रिंग. एवढंच म्हणाला. चिडवूनसुद्धा नाही. पण ते मला असं झोंबलं की काय सांगू. महिनाभर घासलेली बंदूक, बाटलीच्या बुचाएवढा नेम, आणि हा पिकअपवाला मला सांगतो.

तेवढ्यात बागेच्या फाटकाशी पाण्याचा टँकर आला. मालकाने हाक मारली, गाडी काढा. रफीक गाडी काढायला गेला. सुरी भिंतीवर होती.

पाखरं अजून गरम होती. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल — गरम होती. गरम म्हणजे जिवंत असतं का? मी एकेक उचललं आणि सहाच्या सहा कापली. रक्त उसळलं नाही, नुसतं ओघळलं. पाय कोणीच झाडले नाहीत. आणि सांगू का? मी प्रत्येक वेळी बिस्मिल्लाह म्हटलं. मोठ्याने म्हटलं. ऐकायला तिथे कोण होतं?

रफीक परत आला. मी म्हटलं, यांच्यात जीव होता, तू नीट बघत नाहीस. त्याने एकाची मान बोटाने उचलून बघितली, मग माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही. परतीच्या वाटेवरही नाही. आता वाटतं, तो मला वाव देत होता. घरी पोचेपर्यंत ह्याला लाज वाटेल, ह्याचा हा पाखरं फेकून देईल, असं त्याला वाटलं असावं. माणसाने माणसाबद्दल असं चांगलं समजू नये.

कालवण मी स्वतः केलं, खोबरं भाजून, वाटून. नमाज पढून आल्यावर जेवायला दस्तरखान घातला. चाचा भिंतीला टेकून बसले. तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, आणि रफीक बोलला.

"चाचा, खाऊ नका. पाखरं मेलेली होती."

 चाचांचा हात वाटीवरच. त्यांनी मला विचारलं, रागाने नाही, अगदी हळू, "जीव होता ना रे?"

बघा, किती सोपं होतं. नव्हता, चाचा, माझी चूक झाली — एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? त्यांनी वाटी सरकवली असती, डाळ मागितली असती. दोन दिवस टिंगल झाली असती. बस. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "खुदाची कसम, जीव होता." आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही थांबलो. म्हणालो, "ह्याला बंदुकीत वाटा हवा होता. मी दिला नाही, म्हणून हा असं बोलतोय."

 रफीक भांडणारा माणूस नव्हता. कसम घेतल्यावर आमच्यात पुढे बोलायला काही राहत नाही, हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. म्हणूनच तर घेतली.

चाचा जेवले. दोन भाकर्‍या खाल्ल्या, बोटं चाटली. माझ्या हाताला बरकत दे म्हणून दुवा केली. मग हात धुऊन आले आणि रफीकसमोर बसले. आवाज न चढवता म्हणाले, "भरल्या ताटावर जो दुसर्‍याच्या हातचं नापाक ठरवतो, त्याच्या घरात माझी मुलगी जाणार नाही." झालं. एका वाक्यात झालं. रफीकने मान खाली घातली ती वर केली नाही. मी दस्तरखान उचलत होतो. उष्टी हाडं कागदात बांधत होतो.

तुम्ही म्हणाल, मला नफीसा हवी असेल. नाही हो. तसं असतं तर निदान काही हवं होतं असं तरी म्हणता आलं असतं. माझं गावाला आधीच ठरलेलं होतं. मला त्यातून काहीच मिळालं नाही. एका स्प्रिंगसाठी केलं मी हे.

बुधवारपर्यंत पाच दिवस होते. विमानतळावर चाचांची बॅग मीच उचलली. आत जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, रफीकशी वैर धरू नकोस, पोरगा वाईट नाही. तेव्हाही बोलता आलं असतं. मी म्हटलं, जपून जा, चाचा. आठ महिन्यांत ते गेले. ज्यांनी आयुष्यभर शिक्क्यावर भरवसा ठेवला नाही, त्यांनी माझ्यावर ठेवला, आणि तसेच कबरीत गेले.

रफीक महिन्याभरात पुलापलीकडे सौदीत, दम्मामला निघून गेला. नफीसाला मुंब्र्याला दिली. दोन वर्षांत ती पोरीला काखेत घेऊन माहेरी परत आली ती कायमची. नवर्‍याने तिचे काय हाल केले, ते गावाला माहीत आहे. मला गावापेक्षा थोडं जास्त माहीत आहे, कारण मी विचारत राहिलो. बंदूक मी एका केरळवाल्याला दिली. एकदम सेट आहे, असं सांगून दिली.

पुढे मी हजला जाऊन आलो. जाण्याआधी आमच्यात घरोघर जाऊन माफी मागतात — बोललं-चाललं माफ करा. मीही फिरलो. ज्या दुकानदाराशी कधीकाळी तंटा झाला होता त्याच्याकडे गेलो, भाऊबंदांकडे गेलो, ज्याच्या कुत्र्याला दगड मारला होता त्याच्याकडेसुद्धा गेलो. नफीसाचं घर वाटेतच होतं. पुढच्या गल्लीने गेलो. रफीकचा नंबर माझ्याकडे होता. लोक मला आता हाजीसाहेब म्हणतात. मी वळून बघतो.

गेल्या वर्षी रफीक आला. दारात उभा, दाढी पिकलेली, एका डोळ्याला मोतीबिंदू. हजला निघालाय म्हणाला. चहा झाला, पोराबाळांचं विचारून झालं. मग तो खुर्चीवरून उठला आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाला, इतकी वर्षं मनात आहे, तिथे ओझं घेऊन जायचं नाही. त्या दिवशी मी गाडी काढायला गेलो होतो. तू सुरी फिरवलीस ते मी बघितलं नव्हतं. पाखरांत जीव असेलही. मी तुझ्यावर भरल्या घरात तोहमत, खोटा आळ घेतला. मला माफ कर.

त्याने माझे हात सोडले नाहीत. मीही सोडवून घेतले नाहीत.

मी म्हणालो, "जा, माफ केलं."